झोपाळ्यावरचा माणूस कोणत्या पायरीवर? एका लघुप्रबंधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मानसशास्त्राच्या एम.ए.ला शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो. माझ्याकडे दरवर्षी पाच-सहा विद्यार्थी मार्गदर्शनासाठी येतात, आणि त्यातल्या एखाद्याला तरी चित्रपटावर लिहायचं असतं. शीर्षक जवळपास ठरलेलं: अमुक चित्रपटातील मुख्य पात्राचा व्यक्तिमत्त्व विकास, मानवतावादी मानसशास्त्राच्या दृष्टिकोनातून. आराखडाही ठरलेला. माणसाच्या वाढण्याच्या क्षमतेवर भर देणाऱ्या या शाखेतल्या मॅस्लोनं मांडलेल्या गरजांच्या पाच पायऱ्या, त्यावर पात्राचे पाच टप्पे, शेवटच्या प्रकरणात पात्र शिखरावर. लिहायला सोपं, तपासायला त्याहून सोपं.

या विद्यार्थिनीला इथे क म्हणते. तिची ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत. तिनं निवडला होता अकिरा कुरोसावाचा १९५२ सालचा 'इकिरू'. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यापुरतं सांगायचं तर, वातानाबे हा एका नगर कार्यालयातला विभागप्रमुख. तीसेक वर्षं कागदांवर शिक्के मारण्यात गेलेली. सुरुवातीच्याच एका प्रसंगात तो टेबलाच्या खणातून एक जुना प्रस्ताव काढतो, त्याचं पान फाडतो आणि त्यानं शिक्का पुसतो. त्याला पोटाचा कर्करोग झाल्याचं निवेदक आपल्याला आधीच सांगून टाकतो, वर हा माणूस तसाही जिवंत नाहीच असंही म्हणतो. डॉक्टर त्याच्याशी खोटं बोलतात. मुलगा ऐकून घेत नाही. एक लेखक त्याला रात्रभर शहरातल्या बारमधून फिरवतो. मग कार्यालय सोडून खेळण्यांच्या कारखान्यात गेलेल्या तोयो नावाच्या तरुण मुलीच्या मागे तो लागतो, कारण ती ज्या उत्साहानं जगते ते त्याला समजून घ्यायचं असतं. आणि मग, काही आयांनी सांडपाणी तुंबणाऱ्या जागी बाग करावी म्हणून दिलेला, खात्याखात्यांतून टोलवला गेलेला अर्ज तो हातात घेतो.

यानंतर कुरोसावा जे करतो त्यानंच हे प्रकरण घडलं. वातानाबे अर्ज घेऊन बाहेर पडतो आणि लगेच निवेदक सांगतो की पाच महिन्यांनी आपला नायक वारला. उरलेला जवळपास सगळा चित्रपट त्याच्या घरी, त्याच्या तसबिरीसमोर जमलेल्या सहकाऱ्यांच्या गप्पांत आणि आठवणींत घडतो.

समस्या

पहिला कच्चा खर्डा आला तेव्हा त्यात दोन पानी तक्ता होता. डावीकडे पायरी, उजवीकडे प्रसंग. शारीरिक गरजा: आजारपण. सुरक्षितता: नोकरी. प्रेम आणि आपलेपणा: मुलगा आणि बारमधली रात्र. प्रतिष्ठा: उपमहापौरासमोर न हटणं. आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्यातल्या क्षमता पूर्ण फुलवणं: त्यानंच उभारलेल्या बागेत, बर्फात झोपाळ्यावर बसून गाणं. ('आत्मवास्तविकीकरण' हा शब्द मला कधीच आवडला नाही. तोंडात खडे घेऊन बोलल्यासारखा वाटतो. पण 'आत्मसाक्षात्कार' म्हटलं की वाचक थेट अध्यात्मात शिरतो, म्हणून हाच वापरते.)

तक्त्यात चूक शोधायला वेळ लागला नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला वातानाबेच्या खालच्या गरजा बऱ्यापैकी भागलेल्या आहेत. घर आहे, पगार आहे, पद आहे, मुलगा-सून एकाच छताखाली आहेत. आणि तोयोनं त्याला टोपणनाव ठेवलंय 'ममी', म्हणजे इजिप्तमधली, कापडात गुंडाळलेली. नंतर शरीर, सुरक्षितता, मुलाचा आधार हे सगळं एकदम ढासळतं आणि माणूस तेव्हा कुठे हलतो. तक्ता हे उलटं दाखवत होता. खालची पायरी भक्कम झाली म्हणून तो वरच्या पायरीवर गेला, असं एकाही प्रसंगात घडत नाही.

मी लाल पेन घेतलं. सतरा पानांपैकी पंधरा पानांवर काही ना काही लिहिलं आणि शेवटी शेरा मारला, 'सिद्धांत इथे लागू होत नाही, पुनर्विचार करावा.' तीन आठवडे क आली नाही.

पर्याय

त्या तीन आठवड्यांत मी एका सहकाऱ्याशी बोलले. त्याचा सल्ला सरळ होता: चित्रपट बदलायला सांग. सामान्य परिस्थितीतून वर येणारा, अडचणींवर मात करून यश मिळवणारा नायक असलेले ढीगभर चित्रपट आहेत, पायऱ्या आपोआप बसतील. वेळेच्या हिशेबानं हे शहाणपणाचं होतं. सादरीकरणाला अडीच महिने उरले होते.

दुसरा पर्याय तक्ता तसाच ठेवून मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद घालण्याचा. हे सर्रास चालतं आणि परीक्षकही सोडून देतात.

तिसरा पर्याय व्हिक्टर फ्रँकल या मानसोपचारतज्ज्ञाचा. टाळता न येणारं दुःख समोर असताना माणूस त्याच्याकडे कसा पाहतो यातूनही अर्थ सापडतो, असं त्याचं म्हणणं. काही निर्माण करणं आणि कुणावर प्रेम करणं या अर्थाच्या आणखी दोन वाटा. तिन्ही वातानाबेला चपखल बसतात. इतक्या चपखल की मला धास्ती वाटली. बूट फार बरोबर बसला की आत पाय आहे हे विसरायला होतं. चाळीस पानं फ्रँकल लिहून झाल्यावर चित्रपटाबद्दल काही नवं कळलं असतं का, याची मला शंका होती.

चौथा, मॅस्लोकडेच परत जाण्याचा, पण पाठ्यपुस्तकातल्या नव्हे, त्यानं स्वतः लिहिलेल्या मॅस्लोकडे. पाचवा कार्ल रॉजर्स या मानवतावादी मानसशास्त्रज्ञाचा, म्हणजे शिखर सोडून देऊन प्रक्रियेकडे बघण्याचा.

मी मनात चौथा आणि पाचवा पक्का केला होता. क आली की सांगायचं, एवढंच बाकी होतं. आज मागे वळून पाहताना हा सगळ्यात खटकणारा भाग आहे. पर्याय कुणाच्या प्रबंधाचे होते आणि तोलत कोण होतं?

पहिला निर्णय: एक प्रश्न

क आली ती विषय बदलण्याचा अर्ज घेऊनच. सहकाऱ्यानं परस्पर तिलाही तोच सल्ला दिला होता. सही करायला मी पेन उचललं, आणि निव्वळ कुतूहल म्हणून विचारलं, "हा चित्रपट मुळात घेतला का होतास?"

ती थोडी थांबली. "सशामुळे, मॅडम."

तोयो कारखान्यात चावीचे ससे बनवते. कॉफीच्या दुकानात वातानाबे तिला गयावया करत विचारतो की तुझ्यासारखं जगायचं कसं? ती वैतागलेली आहे, घाबरलेलीही आहे. ती टेबलावर ससा ठेवते, तो टुणटुण उड्या मारत पुढे येतो. मी हे बनवते, ती म्हणते, आणि मला वाटतं जपानमधल्या सगळ्या बाळांशी माझी मैत्री झालीय. तुम्हीही काहीतरी बनवा. वातानाबे आधी म्हणतो, आता उशीर झाला. मग त्याचा चेहरा बदलतो. तो ससा हातात घेऊन जिना उतरू लागतो. वर कुणाचा तरी वाढदिवस आहे, जिन्याशी जमलेल्या मुली वर येणाऱ्या मैत्रिणीसाठी वाढदिवसाचं गाणं म्हणत आहेत, आणि मधूनच हा म्हातारा खाली चाललाय.

"मला तो प्रसंग कळला नव्हता," क म्हणाली. "ती त्याला काहीच मोठं सांगत नाही. तिला तर तिथून निघून जायचंय. मग तो का बदलतो?"

"मग खर्ड्यात हे कुठे आहे?"

"नाहीये. कुठल्याच पायरीत बसत नव्हतं."

ज्या प्रश्नासाठी तिनं विषय घेतला, तोच तक्त्यानं गाळला होता. अर्जावर मी सही केली नाही. तो तिनंच परत पर्समध्ये ठेवला.

दुसरा निर्णय: मूळ लेख

सायकॉलॉजिकल रिव्ह्यू या नियतकालिकातला मॅस्लोचा १९४३ चा लेख आम्ही दोघींनी एकत्र वाचला. खरं सांगायचं तर मीसुद्धा तो सलग असा बऱ्याच वर्षांनी वाचत होते.

त्या लेखात पिरॅमिड नाही. ते चित्र नंतर व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी रूढ केलं. क्रम दगडात कोरलेला नाही, हेही मॅस्लो तिथेच सांगतो आणि अपवादांची यादी देतो. काहींना प्रेमापेक्षा प्रतिष्ठा आधी लागते. काही सर्जनशील माणसं बाकी गरजा अपुऱ्या असतानाही निर्मितीत रमतात. दीर्घकाळ वंचना झालेल्या काहींच्या आकांक्षा कायमच्या मरून जातात. एक पायरी शंभर टक्के भागली की दुसरी उगवते, हेही तो नाकारतो. उदाहरणादाखल आकडे देतो: सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, प्रतिष्ठेच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाच्या १० टक्के भागलेल्या असतात असं समजा. हे मोजमाप नव्हे, कल्पना स्पष्ट करण्यासाठी घेतलेले आकडे. क नं शेवटच्या दहाखाली दोन रेघा मारल्या.

मॅस्लोबद्दल आणखी एक गोष्ट तिला सांगितली. १९६७ मध्ये त्याला हृदयविकाराचा मोठा झटका आला, १९७० मध्ये तो गेला. मधल्या काळाला तो मरणोत्तर आयुष्य म्हणायचा. साध्यासुध्या गोष्टी आता दुपटीनं मोलाच्या वाटतात, असं त्याचं सांगणं होतं. वातानाबे एका प्रसंगात सूर्यास्त बघून थबकतो, किती वर्षांत हा पाहिलाच नाही म्हणतो, आणि आता वेळ नाही म्हणून लगेच चालू पडतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवायचा मोह क ला झाला, मलाही झाला. प्रबंधात तळटीपेपुरतं ठेवलं. सिद्धांतकाराचं आयुष्य हा सिद्धांताचा पुरावा होत नाही.

कृती: आधी नोंदी, मग नावं

पुढचे पंधरा दिवस सिद्धांत बाजूला ठेवायचा असं ठरलं. क नं चित्रपट प्रसंगवार उतरवून काढला. प्रत्येक प्रसंगाला तीनच नोंदी: वातानाबे काय करतो, तेव्हा तो कुणाकडे बघतो, आणि त्याचं अंग काय सांगतं. 'प्रगती', 'जाणीव', 'स्वीकार' असले शब्द वर्ज्य. मीही स्वतंत्रपणे तशाच नोंदी केल्या.

रॉजर्स आणला तो त्यानंतर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की लहानपणापासून आपण इतरांच्या मोलाच्या अटी गिळतो: असं वागलास तर चांगला. मग स्वतःच्या अनुभवावरचा विश्वास उडतो आणि मूल्यमापनाचं केंद्र बाहेर जातं. वाढ म्हणजे ते केंद्र आत येणं. 'कुणाकडे बघतो' ही नोंद इथे कामी आली. पूर्वार्धात वातानाबे बोलताना सतत समोरच्याचा चेहरा शोधतो: डॉक्टरचा, मुलाचा, लेखकाचा, तोयोचा. कार्यालयात परतल्यावर तो खालच्या मानेनंच वावरतो, वाकून नमस्कार करतो, तासन्‌तास ताटकळतो, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून निर्णय बदलत नाही. लोक इतके अपमान करतात, राग येत नाही का, असं सहकारी विचारतो. मला कुणाचा राग धरायला वेळ नाही, हे त्याचं उत्तर.

मात्र रॉजर्सही सुतासारखा सरळ बसला नाही. १९५७ च्या लेखात त्यानं बदलासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी मांडल्या. त्यातल्या तीन सगळ्यांना ठाऊक असतात: मदत करणाऱ्याची सुसंगतता म्हणजे आतबाहेर एक असणं, विनाअट स्वीकार आणि समानुभूती. वातानाबेला हे कोण देतं? लेखकाला कणव आहे, पण तो त्याला आपल्याच कल्पनेतल्या सुखाकडे ओढतो. मुलगा ऐकायच्या आधीच फैलावर घेतो. तोयो तर कंटाळलेली. क नं तीन रकाने आखले आणि एकच भरला: तोयो खोटं वागत नाही. वैताग आला तर दाखवते, भीती वाटली तर मागे सरकते. विनाअट स्वीकार नाही, समानुभूती फार थोडी, आणि तरीही बदल घडतो. तिच्या मूळ प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नव्हतं, पण पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं होतं.

तिसरा निर्णय: दोन नोंदी जुळेनात

आमच्या नोंदी एका ठिकाणी ठळकपणे वेगळ्या होत्या. कॉफीच्या दुकानासमोर मी लिहिलं होतं, 'चेहरा उजळतो, पुढे झुकतो.' क नं लिहिलं होतं, 'पुढे झुकतो, मुलगी मागे सरकते. तिला त्याची भीती वाटते. प्रेक्षकालाही.'

मी समजावायला लागले की इथे मॅस्लो ज्याला उत्कट अनुभव म्हणतो तो, माणूस भारावून जाण्याचा क्षण आहे, पुढच्या सगळ्याची गुरुकिल्ली आहे. पाच मिनिटं बोलले असेन. क वहीत उतरवून घेत होती आणि स्वतःच्या नोंदीवर हळूच काट मारत होती. ती काट दिसली म्हणून मी थांबले. दिसली नसती तर थांबले नसते. वर्गात मोलाच्या अटी शिकवणारी बाई समोरच्या मुलीवर एक अट लादत होती: माझं निरीक्षण लिहिलंस तर प्रबंध चांगला.

प्रसंग पुन्हा लावला. क बरोबर होती. तोयो खरंच आक्रसते. वातानाबेचा चेहरा त्या क्षणी सुंदर नाही, भेसूर आहे. दोन्ही नोंदी प्रबंधात गेल्या, माझी दुसऱ्या निरीक्षकाची म्हणून. वाढ बाहेरून पाहणाऱ्याला कधीकधी भयंकर दिसते, हे वाक्य तिचं. मी त्यात स्वल्पविरामही बदलला नाही.

याच वादातून सगळ्यात मोठी अडचण पुढे आली. मानवतावादी मानसशास्त्राचा पायाच माणसाचा स्वतःचा, आतून आलेला अनुभव. पण बाग बांधण्याचे ते पाच महिने आपल्याला वातानाबेच्या बाजूनं दिसतच नाहीत. दिसतात ते जमलेल्या लोकांच्या आठवणींतून: कुणी श्रेय हिसकावतंय, कुणी दारूच्या अमलात रडतंय, किमुरा नावाचा एकटाच त्याची बाजू घेतोय. झोपाळ्याचा प्रसंगही गस्तीच्या पोलिसानं सांगितलेला, आणि त्या पोलिसाला तो दारू प्यालेला वाटला होता. तेच गाणं वातानाबेनं आधी बारमध्ये डोळ्यांत पाणी आणून म्हटलेलं आपण पाहिलंय, म्हणून आपण दोन्हींची तुलना करून 'आता तो शांत आहे' म्हणतो. हे अनुमान आहे, त्याची कबुली नव्हे. पहिल्या खर्ड्यात शिखरावर ठेवलेला प्रसंग पुरावा म्हणून सगळ्यात कच्चा निघाला. क नं यावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि माझ्या मते प्रबंधातलं तेच उत्तम आहे.

परिणाम

प्रबंध दहा दिवसांची मुदतवाढ घेऊन सादर झाला. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी सुरुवातीलाच विचारलं, "शेवटी वातानाबे कोणत्या पायरीवर आहे?"

"झोपाळ्यावर, सर," क म्हणाली.

ते हसले, पण गुण देताना हसले नाहीत. सैद्धांतिक चौकट एकसंध नाही, निष्कर्ष ठाम नाही, हे दोन शेरे आले. पहिला मला पूर्ण मान्य नाही, दुसऱ्यात तथ्य आहे. नोंदींची पद्धत आणि पुराव्याचं प्रकरण यांचं त्यांनी वेगळं कौतुक केलं. एकूण गुण मधल्या फळीतले. ठरलेल्या आराखड्यावर लिहिणाऱ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला त्याच वर्षी तिच्यापेक्षा जास्त मिळाले, हे नमूद करायलाच हवं. क ला वाईट वाटलं. लपवलंही नाही तिनं.

वेगळं काय करता आलं असतं

'का घेतलास' हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला असता तर सतरा पानं आणि तीन आठवडे वाचले असते. तो विचारायला मला विषय-बदलाचा अर्ज समोर यावा लागला.

लाल पेनाबद्दल फार लिहीत नाही. तक्ता चुकीचा होता आणि तसं सांगायलाच हवं होतं. विनाअट स्वीकार म्हणजे चुकीला बरोबर म्हणणं नव्हे. पण पंधरा पानांवर शेरे मारून मी सांगितलं काय, तर लागू होत नाही. का होत नाही, हा तिच्यासाठी खरा रंजक प्रश्न ठरला असता, आणि तो मी स्वतःकडेच ठेवला.

१९५२ चं जपान आम्ही एका परिच्छेदात उरकलं. युद्धानंतरचा देश, माणसाची ओळख त्याच्या पदाशी आणि समूहाशी जोडलेली, आणि आम्ही लावलेले सिद्धांत अमेरिकेत, व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवून घडलेले. वातानाबेची वाढ त्यानं नोकरी सोडून नव्हे, त्याच खुर्चीवर परत येऊन झाली, याचा अर्थ इथे लागला असता. एक तर हे नीट करायला हवं होतं किंवा काढून टाकायला हवं होतं. तो परिच्छेद आजही शिवलेल्या ठिगळासारखा दिसतो.

आणि तो तक्ता. क नं तो कुठून आणला हे मी खूप उशिरा विचारलं. विभागाच्या संगणकावर 'नमुना लघुप्रबंध' नावाची फाइल आहे, विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात दिली जाते. ती काही वर्षांपूर्वी मीच तयार केली होती.

नंतर

चित्रपटाच्या शेवटी, शोकसभेत सगळे सहकारी दारूच्या भरात शपथा घेतात की आपणही वातानाबेसारखं काम करायचं. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज येतो आणि नवा विभागप्रमुख तो दुसऱ्या खात्याकडे पाठवायला सांगतो. किमुरा ताडकन उभा राहतो. सगळे बघतात. तो परत खाली बसतो, कागदांच्या ढिगाआड.

वर्षअखेरीच्या विभागीय बैठकीत मी हे प्रकरण मांडलं. नमुना फाइल बदलायची, प्रसंगनोंदी सक्तीच्या करायच्या, असं सर्वानुमते ठरलं. दोघांनी टिपणंही घेतली. नव्या वर्षी आराखडे वाटण्याच्या दिवशी फाइल उघडली तर दोन पानी तक्ता जागच्या जागी होता. बदलायचं कुणी हे ठरलं नव्हतं. सभागृहात बावीस विद्यार्थी बसले होते आणि प्रती छापून झाल्या होत्या. मी हात वर केला. विभागप्रमुखांनी विचारलं, "बोला मॅडम, काही आहे का?"

मी म्हटलं, "नंतर बोलते."

प्रती वाटल्या गेल्या. दुपारी मी फाइल उघडून तक्ता काढून टाकला, पण बावीस प्रती तोवर घरी पोचल्या होत्या. माझ्या वाट्याला आलेल्या पाच जणांना दुसऱ्या दिवशी बोलावलं आहे, प्रत सोबत न आणता.